‘डूम’ (१९९३) आज पुन्हा खेळायचा असेल, तर मूळ स्वरूपात खेळावा की सुधारित?

जुनाकीबोर्ड:
नमस्कार. महाविद्यालयात असताना ‘डूम’ हा राक्षसांना गोळ्या घालत पुढे जाण्याचा संगणक-खेळ खेळलेल्या पिढीतला मी एक. अलीकडे तो पुन्हा खेळायला घेतला आणि जरा गोंधळलो. लॅपटॉपवर जीझेडडूम (हा जुना खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) बसवले आहे. त्यात माऊसने वर-खाली पाहता येते, उडी मारता येते, चित्रही गुळगुळीत दिसते. तरी पहिल्या भागातल्या लेव्हल मला आठवणीपेक्षा फारच सोप्या आणि काहीशा पोकळ वाटत आहेत. शिवाय थोडा वेळ खेळले की डोके गरगरते, आणि हा त्रास तेव्हा कधीच झाला नव्हता. खेळाचे वय झाले आहे, की माझी खेळण्याची पद्धत त्याला मानवत नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नकाशेवाला:
माझ्या मते खेळाचे काही बिघडलेले नाही, त्याला घातलेल्या मर्यादा मात्र तुम्ही काढून टाकल्या आहेत. ‘डूम’चा नकाशा मुळात सपाट आहे. त्यातल्या प्रत्येक सेक्टरला (नकाशाच्या तुकड्याला) जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेडाचे प्रमाण ठरवून दिलेले असते, पण एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली रचता येत नाही. वर-खाली पाहण्याची सोय नसल्यामुळे, शत्रू तुमच्या समोरच्या रेषेत असला की तो सज्जात उभा असला तरी गोळी आपोआप त्याच्या उंचीवर जाते. त्यामुळे मूळ खेळातले कौशल्य नेम धरण्यापेक्षा कुठे उभे राहायचे, किती वेगाने सरकायचे आणि आधी कोणाला संपवायचे, हे ठरवण्यात आहे. इम्प या राक्षसाचा अग्निगोळा येताना दिसतो आणि बाजूला सरकून तो चुकवता येतो. बंदूकधारी शिपायाची गोळी मात्र सुटताक्षणी लागते. हे दोघे एकाच खोलीत असले की निर्णय क्षणात घ्यावा लागतो. त्यातच एकाचा मारा चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला तर ते दोघे आपसांत भिडतात, आणि मुरलेला खेळाडू मुद्दाम अशा जागी उभा राहतो की हे घडावे.

उडीचेही तसेच आहे. पहिल्याच लेव्हलमध्ये खिडकीबाहेरच्या अंगणात निळे चिलखत दिसते, पण तिथे नेणारी वाट छुपी आहे. वस्तू आधी दाखवायची आणि रस्ता नंतर शोधायला लावायचा, ही ‘डूम’च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन रोमेरो यांच्या नकाशांची खासियत. कठडे ओलांडून हवे तिथे जाता येऊ लागले, की या रचनेतली गंमत निघून जाते. त्याच कंपनीच्या आधीच्या ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ या खेळात (१९९२) सगळ्या भिंती काटकोनात आणि एकाच उंचीच्या होत्या, त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांतच जिने, अंधारे कोपरे आणि वर-खाली होणारे मजले घेऊन ‘डूम’ आला, हे लक्षात घेतले तर त्या नकाशांचे मोल अधिक कळते.

फ्लॉपीराव:
वरील प्रतिसादाशी सहमत. गरगरण्याबद्दल थोडे सांगतो. ‘डूम’ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीने १९९७ च्या अखेरीस या खेळाचा सोर्स कोड खुला केला, म्हणूनच आज इतकी पोर्ट (त्या कोडवरून बनवलेल्या, आजच्या संगणकांवर चालणाऱ्या आवृत्त्या) उपलब्ध आहेत. त्यांपैकी चॉकलेट डूम मूळ खेळातल्या त्रुटींसह सगळे जसेच्या तसे ठेवते. तुम्हाला क्रिस्पी डूम अधिक सोयीचे पडेल: खेळण्याची रीत जुनीच, पण चित्र ३२० × २०० ऐवजी दुप्पट बारकाव्याचे. मूळ खेळ सेकंदाला ३५ वेळा पुढे सरकतो. हे पोर्ट मधल्या चौकटी भरून काढते, त्यामुळे हालचाल धक्क्याधक्क्याने होत नाही. चालताना दृश्य हिंदकळण्याचे प्रमाण सेटिंगमध्ये कमी करा. मूळ खेळात माऊस पुढे सरकवला की खेळाडूही पुढे चालू लागतो. तेही बंद ठेवा, नाहीतर डोक्याला ताप होईल.

चित्र ४:३ प्रमाणातच ठेवा. ३२० × २०० चे चित्र तेव्हाच्या मॉनिटरवर उभे ताणले जाई आणि सगळी चित्रे तो ताण गृहीत धरून काढलेली आहेत, त्यामुळे दुरुस्तीशिवाय राक्षस बुटके दिसतात. विकत घेतलेल्या आवृत्तीतली वॅड फाईल (खेळाचे नकाशे, चित्रे व आवाज असलेली फाईल) या पोर्टमध्ये चालते. ती नसेल तर मोफत वाटलेला पहिला भाग आजही मिळतो.

शॉटगनप्रेमी:
माझे मत थोडे वेगळे आहे. वर-खाली पाहिल्याने खेळ थोडा सोपा होतो हे मान्य, पण पोकळपणाचे खरे कारण बहुधा सेव्ह करण्याच्या सवयीत सापडेल. प्रत्येक दारापाशी सेव्ह केले तर धोका उरतोच कुठे? काठिण्यपातळी ‘अल्ट्रा-व्हायोलन्स’ ठेवा आणि प्रत्येक लेव्हल केवळ पिस्तूल व ५० गोळ्या घेऊन सुरू करा. मूळ खेळात मेल्यावर सेव्ह न वापरता पुन्हा सुरुवात केली की नेमकी हीच अवस्था होते, आणि लेव्हलची आखणीही ते धरूनच केलेली आहे. मागून साठवलेला दारूगोळा हाताशी नसला की शॉटगन कुठे ठेवली आहे हे शोधण्यालाही अर्थ येतो.

एक सावधगिरीची सूचना: पहिला भाग बहुतांशी रोमेरो यांचा आहे, तर दुसऱ्या व तिसऱ्या भागांवर दुसरे लेव्हल-रचनाकार सँडी पीटरसन यांचा हात अधिक दिसतो. तिथल्या लेव्हल विचित्र, कल्पक आणि अधूनमधून चक्क कुरूप आहेत. मला त्या आवडतात. अनेकांना मात्र आवडत नाहीत.

जुनाकीबोर्ड:
सर्वांचे आभार. क्रिस्पी डूम बसवले, हिंदकळणे बंद केले आणि आता पिस्तुलापासून सुरुवात करतो आहे. दुसऱ्या लेव्हलमध्येच दोनदा मेलो, म्हणजे सोपेपणाची तक्रार मिटली. एक शेवटचा प्रश्न: पहिल्या भागातल्या गुप्त लेव्हलकडे जाणारी वाट तिसऱ्या लेव्हलमधूनच आहे ना?

नकाशेवाला:
होय, तिसऱ्या लेव्हलच्या छुप्या निर्गमातून थेट नवव्या लेव्हलमध्ये जाता येते आणि ती संपली की चौथी सुरू होते. निर्गम कुठे आहे ते मुद्दामच सांगत नाही. नेहमीचा बाहेर पडण्याचा रस्ता सापडल्यावरही लगेच स्विच दाबू नका.