ऑनलाइन शिक्षण पटतं की नाही, हे स्वभावावर ठरतं का?

पायवाट
ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यार्थी नाराज का, असं विचारलं की गाडी नेट, लॅपटॉप आणि शिक्षक यांवरच अडते. माझं मत असं, की आधी स्वभाव बघा. मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्व बहुधा पाच पैलूंत मोजतात : शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, नव्याची ओढ, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. ऑनलाइन शिकताना यातला शिस्तशीरपणा सगळ्यांत जास्त कामी येतो. वर्गात हजेरी, वेळापत्रक, शेजारची मैत्रीण हे सगळं तुम्हाला ओढून नेतं. रेकॉर्ड केलेल्या लेक्चरकडे कुणी ओढून नेत नाही. एक मुलगी व्हिडिओ थांबवून वहीत मिनिट-सेकंदासकट शंका लिहून ठेवते. दुसरा मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी लेक्चरं दुप्पट वेगाने ऐकतो. शिक्षक तोच, व्हिडिओ तोच. सत्राअखेरीस एकीने अभिप्रायाच्या फॉर्मवर "सोयीचं वाटलं" आणि दुसऱ्याने "काही कळलं नाही" लिहिलं, तर त्याचं खापर अभ्यासक्रमावर फोडणं मला पटत नाही.

दशांश
सहमत नाही. संशोधक आर्थर पोरोपॅट यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून स्वभाव आणि शैक्षणिक कामगिरी यांचा संबंध तपासला. शिस्तशीरपणाचा सहसंबंध (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.२ निघाला. या आकड्याला त्याच आकड्याने गुणा : कामगिरीतल्या फरकाचा जेमतेम चार-पाच टक्के भाग. पाचांतल्या सगळ्यांत भक्कम पैलूचं हे बळ, आणि तेही गुणांबाबत, समाधानाबाबत नव्हे.

रोजचा अनुभव घ्या. एकाच सत्रात एकाच विद्यार्थ्याला एक ऑनलाइन विषय मनापासून आवडतो आणि दुसरा नकोसा होतो. सोमवारचा स्वभाव मंगळवारी बदलत नाही. पण एका विषयात शंकेला दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, दुसऱ्यात ती तशीच पडून राहते. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी त्याबद्दल हेच मांडलं : खरं अंतर किलोमीटरचं नसतं, संवाद किती आणि अभ्यासक्रमाची बांधणी कशी यावर ते कमी-जास्त होतं. स्वभावाला दोष दिला की संस्था मोकळी सुटते. मला चीड येते ती याची.

पायवाट
संस्था मोकळी सुटावी असं मलाही वाटत नाही. पण ०.२ ला क्षुल्लक म्हणू नका. रोज थोडं मागे पडणारा विद्यार्थी सत्र संपेपर्यंत फारच मागे गेलेला असतो. आणि स्वभावावरून वर्तनाचा अंदाज बांधण्यावर १९६८ मध्ये कडक टीका करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनीच पुढे सांगितलं, की काय करायचं हे परिस्थितीने घट्ट बांधून दिलं तर माणसं सारखीच वागतात. ती सैल असली की ज्याचा त्याचा स्वभाव दिसू लागतो. "कधीही बघा, कुठेही बघा" असा कोर्स म्हणजे सैल परिस्थितीच की.

तिसरा बाक
मी विद्यार्थी आहे. "अंतर्मुख मुलांना ऑनलाइन बरं" हे ऐकून कंटाळलोय. मी अबोल आहे आणि मला वर्गच आवडतो, कारण तिथे न बोलताही सोबत असते. स्क्रीनवर तासभर स्वतःचा चेहरा समोर, आणि सगळे आपल्याकडेच टक लावून बघताहेत असं वाटत राहतं. संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत ही दोन्ही आहेत. उलट माझी एक मैत्रीण गप्पांचा फड जमवणारी, पण शंका विचारायला घाबरते. चॅटमध्ये ती लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते आणि शेवटी पाठवते. वर्गात तिचा हात वर गेला नसता. अबोल असणं वेगळं, घाबरणं वेगळं. कृपया गल्लत करू नका.

दशांश
फार चांगला मुद्दा, आणि तो माझ्या बाजूचा आहे. चॅट चालू ठेवायचं का, कॅमेरा ऐच्छिक ठेवायचा का, हे कोर्स आखणाऱ्याच्या हातात असतं.

शिवाय स्वभाव आणि समाधान यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांत बहुतेकदा समाधानही विद्यार्थ्यालाच विचारतात आणि स्वभावही त्यालाच. ज्याला सतत काळजी लागलेली, तो कुठल्याही फॉर्मवर हात आखडताच ठेवेल. त्यातून ऑनलाइन शिक्षणाबद्दल काय कळलं? हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास बघा. ज्यांना स्वतः उदाहरणं सोडवायला लावली, त्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं. चाचणीत मात्र ते नुसतं लेक्चर ऐकणाऱ्यांच्या पुढे होते.

पायवाट
म्हणून समाधान बघायचंच नाही? वैतागलेला विद्यार्थी कोर्स सोडून जातो, मग कोण किती शिकलं हे मोजणार कुणाचं? मला दर आठवड्याला एक छोटी मुदत हवी आहे. शिस्तशीर मुलांना तिचा त्रास नाही, बाकीच्यांना आधार होतो. आणि पहिल्याच आठवड्यात स्वभावाची एक प्रश्नावली, म्हणजे कुणाकडे आधीपासून लक्ष द्यायचं ते शिक्षकाला कळेल.

दशांश
मुदतीला माझा पूर्ण पाठिंबा. प्रश्नावलीला सक्त विरोध, शिक्का एकदा बसला की पुसला जात नाही. ज्याने लागोपाठ दोन मुदती चुकवल्या त्याला फोन करा, तेवढी माहिती पुरते.

तिसरा बाक
आणि प्रश्नावली शिक्षक वाचणार हे माहीत असताना "मी कामं पुढे ढकलतो" यावर खरी खूण कोण करेल? मी तर नाही करणार.