दिल्लीत फक्त अमृत उद्यान?

काही जण म्हणतात, दिल्लीत अमृत उद्यान पाहिलं की बाकीच्या बागा नाही पाहिल्या तरी चालतं. नाही पटलं बुवा. राष्ट्रपती भवनाची ती बाग देखणीच आहे, पण लोकांसाठी वर्षातले थोडेच आठवडे उघडी, त्यातही सोमवारी बंद. शिवाय गर्दीबरोबर पुढे सरकत राहायचं, निवांत बसणं विसरा.

त्यापेक्षा लोधी गार्डन गाठा. तिकीट नाही, जोरबाग मेट्रोपासून चालत जाता येतं. खैरपूर गाव हलवून १९३६ साली ही बाग केली. तेव्हा नाव होतं लेडी विलिंग्डन पार्क. हिरवळीत मध्येच पंधराव्या-सोळाव्या शतकातले मकबरे उभे. त्यातल्या शीश गुंबद या मकबऱ्यावर निळ्या टाइल्सचे पट्टे अजून तग धरून आहेत. बडा गुंबद या घुमटाच्या इमारतीला लागून असलेल्या मशिदीत मात्र आत जाच. गिलाव्यात कोरलेली अक्षरं नि वेलबुट्टी इतकी दाट की मान दुखेपर्यंत बघत राहाल. (बहुतेक लोक बाहेरच सेल्फी काढून परततात, ते एक बरंच आहे.)

सुंदर नर्सरी या बागेला तिकीट आहे, पण हुमायूनच्या मकबऱ्याला खेटूनच असल्याने एका दुपारीत दोन्ही उरकतं. मे-जूनमध्ये जाणार असाल तर मात्र दुपारचं नाव काढू नका, सकाळी लवकर जा.