सिंगापूरहून क्रूझ, बरोबर तीन मुलं: कोणाचे कोणते कागद?

अलकापुरी_आई

दिवाळीच्या सुट्टीत चार रात्रींची क्रूझ ठरते आहे. १० नोव्हेंबरला अहमदाबादहून विमान, १२ ला सिंगापूरहून जहाज, १३ पेनांग, १४ फुकेत, १५ समुद्रात, १६ ला सकाळी परत सिंगापूर, १७ ला घरी. मी, सासू-सासरे आणि तीन मुलं. नवरा कामामुळे येत नाही.

मुलगी जानेवारी २०२४ ची. पासपोर्ट अजून काढलेला नाही. जन्मदाखल्यावर तिचं नावच नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. त्यात आईच्या नावापुढे माझं माहेरचं आडनाव आहे, माझ्या पासपोर्टावर सासरचं.

मुलगा ३ सप्टेंबरला १५ पूर्ण करेल. त्याचा पासपोर्ट पुढच्या वर्षी ४ मार्चला संपतो. प्रवास त्याआधी आहे, मग चालेल ना?

नणंदेचा मुलगा ९ वर्षांचा, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड). यंदा बडोद्यालाच आजी-आजोबांकडे शिकतो, आई-वडील तिकडे.

एका एजंटने सांगितलं की क्रूझला लहान मुलांचा जन्मदाखला चालतो, पासपोर्ट नसला तरी. इंटरनेटवरही तसं वाचलं. खरं आहे का? निळं बाल आधार चालेल का? आणि नवऱ्याचं संमतिपत्र लागतं का, लागत असेल तर त्यात काय लिहायचं?

पासपोर्ट_खिडकी

आधी जन्मदाखल्याचं, कारण यात पैसे बुडतात. तुम्ही वाचलंत तो नियम अमेरिकेचा आहे आणि फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. अमेरिकेच्या एका बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या सफरीवर त्यांच्या १६ वर्षांखालच्या मुलांना जन्मदाखल्यावर प्रवास करता येतो. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाला तो लागू नाही. तुमच्या भाच्यालासुद्धा नाही, तो अमेरिकन असला तरी. तिन्ही मुलांना स्वतःचे पासपोर्ट हवेत, अडीच वर्षांच्या मुलीलाही. आधार, निळं असो वा साधं, परदेशप्रवासाचा कागद नाही. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या देशांतर्गत क्रूझवर ते ओळखपत्र म्हणून चालतं, गोंधळ तिथून होतो.

मुलीचं काम आजच सुरू करा, कारण एक कागद दुसऱ्यावर अडलेला आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलला तेव्हापासून हे आहे. म्हणजे दाखल्यावर नाव चढल्याशिवाय अर्जच भरू नका.

नाव चढवायला पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जायचं, ज्या हद्दीत जन्म झाला तिथल्याच. आणंदला बाळंतपण झालं असेल तर आणंदला. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव फुकट चढतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दोघांच्या सह्यांचा अर्ज, दोघांचे ओळखपत्र आणि जुना दाखला न्या. नाव एकदाच चढतं, म्हणून स्पेलिंग आधी कागदावर लिहून ठरवा आणि खिडकीवर टाइप झालेलं वाचूनच सही करा. नवा दाखला क्यूआर कोडचा, गुजराती आणि इंग्रजी दोन्हींत असलेला मागा. गुजरातचे दाखले ई-ओळख पोर्टलवरून डाउनलोड होतात. हाताने लिहिलेला, फक्त गुजराती दाखला पासपोर्टला एक वेळ निघून जाईल, पण पुढे व्हिसाच्या वेळी त्याचं भाषांतर मागतात.

आडनावाच्या फरकाला घाबरू नका. तुमचं पहिलं नाव दोन्हीकडे तेच आहे, म्हणून लग्नाचा नोंदणी दाखला पुरतो. मूळ प्रत आणि झेरॉक्स घेऊन जा. अर्जात आईचं नाव तुमच्या पासपोर्टावर आहे तसंच लिहा. (आपल्याकडे लग्नात पहिलं नाव बदलायची पद्धत होती. ज्यांचं तसं आहे त्यांना एवढ्यावर भागत नाही, आधी नावबदलाची जाहिरात किंवा राजपत्र पाहावं लागतं.)

पासपोर्ट सेवा केंद्रात मुलीला प्रत्यक्ष न्यावं लागतं. तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल, पण अनेक्श्चर डी वर, म्हणजे पालकांच्या घोषणापत्राच्या नमुन्यावर, दोघांच्या सह्या हव्यात. तो साध्या कागदावर छापायचा, स्टॅम्प नको, नोटरी नको. एकाच पालकाची सही असेल तर अनेक्श्चर सी लागतो आणि दुसऱ्याची का नाही ते त्यात लिहावं लागतं. नवरा बडोद्यातच असेल तर डी वर सही घ्या आणि मोकळ्या व्हा. दोघांचे मूळ पासपोर्ट आणि झेरॉक्स बरोबर. मूल ४ वर्षांच्या आतलं असल्याने फोटो तुम्ही न्यायचा: ४.५ बाय ३.५ सेंमी, पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, मागे कुणाचा हात दिसता कामा नये. कुशीत बसवून काढलेले फोटो याच कारणाने परत येतात. फी १,००० रुपये, ८ वर्षांखाली नव्या अर्जाला १० टक्के सूट, म्हणजे ९००.

सहामहिने

मुलाच्या पासपोर्टाचं उत्तर: नाही चालणार. सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिघांनाही प्रवेशाच्या दिवशी किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते. आणि इथे बहुतेक लोक चुकतात: मोजणी पहिल्या प्रवेशापासून करतात. तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरताय, १० ला विमानाने आणि १६ ला जहाजाने. म्हणून १६ मे पर्यंत तरी मुदत हवी. ४ मार्चचा पासपोर्ट विमानाच्या काउंटरवरच थांबवतात, सिंगापूरपर्यंत जाऊही देत नाहीत.

लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा असतो, जे आधी येईल ते. मोठ्यांच्या १० वर्षांच्या सवयीने घरात तारखा पाहिल्या जात नाहीत आणि हे असं होतं.

आता तुमच्या बाबतीत एक निर्णय घ्यायचा आहे. १५ ते १८ मधल्या मुलांना पूर्ण १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, ३६ पानांचा १,५०० रुपयांत. आज अर्ज केलात तर त्याला १८ पर्यंतचाच मिळेल आणि तीन वर्षांनी परत हेच. मी ३ सप्टेंबरपर्यंत थांबेन आणि त्यानंतरची पहिली मिळेल ती तारीख घेईन.

पासपोर्ट_खिडकी

@सहामहिने, थांबण्याशी मी सहमत नाही, किमान डोळे मिटून तरी नाही. जुलै चालू आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज, पुढे पोलीस तपासणी आलीच तर तिचे दिवस, मग सिंगापूरचा व्हिसा. सगळं सुरळीत गेलं तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हातात येतं. एखादी हरकत निघाली, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, तर तुमच्याकडे राखीव वेळच उरत नाही. बडोद्याचं केंद्र अहमदाबादच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं, अडलेली फाईल सोडवायला कधी तिथवर जावं लागतं. मुलाचे सगळे कागद आजच समोर मांडून एक-एक अक्षर जुळवा. जुळलं तर थांबा. एक अक्षरही वेगळं असेल तर आत्ताच अर्ज करा, १० वर्षांचा मोह सोडा.

सहामहिने

हे पटलं. त्यात भर: पासपोर्टचं नूतनीकरण म्हणजे मुदतवाढ नाही, नवीन क्रमांकाची नवीन पुस्तिका येते. क्रूझच्या बुकिंगमध्ये जुना क्रमांक दिला असेल तर आल्याबरोबर बदला. व्हिसा तर नवीन क्रमांकावरच काढा, जुन्यावर काढलेला उपयोगाचा नाही.

दोनदा_प्रवेश

व्हिसाचं. भारतीय पासपोर्टवाल्या सगळ्यांना, कडेवरच्या मुलीलासुद्धा, सिंगापूरचा स्वतंत्र व्हिसा लागतो. अधिकृत व्हिसा एजंटमार्फत अर्ज जातो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटचं शुल्क. फोटो ३५ बाय ४५ मिमी, तीन महिन्यांच्या आतला. पासपोर्टसाठी जुलैत काढलेला मुलीचा फोटो ऑक्टोबरच्या अर्जाला लावू नका, या वयात चेहरा भराभर बदलतो. मुलांच्या अर्जासोबत जन्मदाखला आणि दोन्ही पालकांच्या पासपोर्टची प्रत द्या, न येणाऱ्या वडिलांचीसुद्धा.

ई-व्हिसा हातात आला की एकच शब्द शोधा: मल्टिपल. तुम्ही सिंगापूर सोडून परत शिरताय. बहुधा मल्टिपलच मिळतो, पण सिंगल आलेला जहाजावर चढताना लक्षात आला तर काउंटरवर काही करता येत नाही. सासू-सासऱ्यांचा आधीचा व्हिसा चालू असेल तर त्याची शेवटची तारीख १७ नोव्हेंबरनंतरची आहे ना, तेही बघा.

मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसामाफी दिली आहे, ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. थायलंड आपली सवलत वरचेवर बदलतं, म्हणून उरलेले पैसे भरण्याआधी त्यांच्या दूतावासाच्या पानावर बघा. जहाजाची कंपनी मधल्या बंदराचा व्हिसासुद्धा चढतानाच तपासते. उतरायचं नाही, केबिनमध्येच बसू, हे उत्तर चालत नाही.

आगमन पत्रं ही वेगळी गोष्ट आहे, व्हिसा नव्हे. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड प्रत्येक माणसाचं, मुलांचंही. सगळ्या घराचं एकत्र भरता येतं, फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही, लगेच बंद करा. आगमनाचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत भरायचं असतं. तुमच्या तारखांना पहिलं ८ ते १० नोव्हेंबर. दुसरं, परतीचं, १४ ते १६. म्हणजे निघण्याआधी घरबसल्या दुसरं भरता येणारच नाही. १४ ला फुकेतला फोनला नेट असेल तेव्हाच बसून सहा जणांचं भरून टाका, जहाजावरचं वायफाय महाग आणि संथ असतं. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड आणि थायलंडचं (१ मे २०२५ पासून) हीदेखील तीन दिवसांच्या हिशोबाने आहेत. बंदरात दिवसभर उतरणाऱ्यांनी यातलं काय भरायचं ते कंपनीच्या प्रवासपूर्व पत्रात लिहिलेलं असतं. ते पत्र एजंटकडे पडून राहतं, मागून घ्या.

संमतिपत्र_बडोदा

नवऱ्याच्या पत्राचं. भारतातून निघताना यासाठी ठरलेला सरकारी नमुना नाही, पण विमान कंपनी, जहाज आणि समोरच्या देशाचा अधिकारी यातला कोणीही विचारू शकतो. म्हणून न्यायचंच. भाच्याच्या बाबतीत तर पालकांपैकी कोणीच बरोबर नाही, तिथे जहाजाची कंपनी नोटरी केलेलं पत्र मागतेच. बऱ्याच कंपन्यांचा स्वतःचा फॉर्म असतो. तो मिळाला तर तोच वापरा.

इंग्रजीत लिहा. मुलाचं पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसं, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. कोणाबरोबर जातोय त्यांची नावं, पासपोर्ट क्रमांक आणि नातं. जहाजाचं नाव, १० ते १७ नोव्हेंबर या तारखा, चारही ठिकाणं: सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. मग सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे लोक विसरतात: आजारपणात किंवा अपघातात उपचारांचा निर्णय घ्यायचा अधिकार बरोबरच्या माणसाला दिला आहे. जहाजाचा डॉक्टर किंवा फुकेतचं रुग्णालय मुलाला टाके घालायच्या आधी हे विचारतं आणि तेव्हा बडोद्यात किंवा अमेरिकेत फोन लागेलच असं नाही. शेवटी सही करणाऱ्याचा फोन आणि त्याची सही दिसेल अशी पासपोर्टची प्रत. दोन मुलांचं एकाच पत्रात नको, प्रत्येकाचं वेगळं.

तुमच्या दोन मुलांसाठी नवऱ्याची सही, इथल्या नोटरीसमोर. गुजरातेत आता कागदी स्टॅम्प मिळत नाही, ई-स्टॅम्प लागतो, नोटरीकडेच सांगितलं की होतं. भाच्याचं पत्र त्याच्या आई-वडिलांनी दोघांनी तिकडे नोटरीसमोर सही करून मूळ प्रत कुरिअरने पाठवायची. स्कॅन पाठवून इथे नोटरी करता येत नाही, सही करणारा समोर हवा. त्याला महिनाभर धरा. आजोबांचं नातं दाखवायला भाच्याचा जन्मदाखला आणि नणंदेच्या पासपोर्टाची वडिलांच्या नावाच्या पानाची प्रत ठेवा. तिचं पासपोर्ट अमेरिकन असेल तर त्यात ते पान नसतं, मग तिचा जुना भारतीय पासपोर्ट किंवा जन्मदाखला शोधा.

दोनदा_प्रवेश

भाच्याबद्दल उरलेलं. त्याला या तिन्ही देशांत पर्यटक म्हणून व्हिसा नको, पण सहा महिन्यांचा नियम त्यालाही आहे आणि अमेरिकेतही १६ खालच्यांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो. तो मध्ये बदलला असेल तर ओसीआयच्या पोर्टलवर नव्या पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो चढवला आहे का ते नणंदेला विचारा. २० वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टला हे करायचं असतं, कार्ड नव्याने काढावं लागत नाही. कार्डाची मूळ पुस्तिका बरोबर ठेवा. ती घरी राहिली तर परतीच्या विमानात बसायलाच अडचण येते, मुलाला भारतात यायचा हक्क त्या पुस्तिकेवर आहे.

अलकापुरी_आई

खूप आभार सगळ्यांचे. मुलाचा जन्मदाखला आणि शाळेचं रेकॉर्ड काढून पाहिलं, वडिलांच्या नावात शेवटी एका ठिकाणी "ए" जास्त आहे. म्हणजे थांबायचं नाही, याच आठवड्यात अर्ज. जहाजावर पासपोर्ट काढून घेतात म्हणतात, ते खरं का?

पासपोर्ट_खिडकी

काही जहाजांवर हो. बंदरातल्या अधिकाऱ्यांना एकत्र दाखवायला चढतानाच जमा करतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. म्हणून जमा करण्याआधी सहाही जणांच्या फोटोच्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स वेगळ्या पाकिटात ठेवा, फोनमध्येही. पेनांगला उतरताना मुलांच्या खिशात जहाजाचं कार्ड आणि ती झेरॉक्स. संमतिपत्राची मूळ प्रत मात्र जमा करू नका, ती तुमच्या पर्समध्येच राहू द्या.

आणि त्या जादा "ए" चं: आधी कोणता कागद बरोबर ते ठरवा. वडिलांच्या पासपोर्टाशी जुळतो तो धरा, दुसरा दुरुस्तीला द्या. शाळेचं रेकॉर्ड चुकलं असेल तर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून ते दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधीच सुधारून घ्या, नंतर ते काम बोर्डापर्यंत जातं.