सोसायटी ग्रुप: व्हीसीआरवर रेकॉर्ड केलं की नुसत्या मुंग्या

बी-३०४ (शनिवार, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. बाबांना दुपारी २ ची मालिका रेकॉर्ड करून रात्री बघायची आहे. मोबाइलवर बघायला ते तयार नाहीत. माळ्यावरचा व्हीसीआर काढला. जुनी कॅसेट लावली तर चित्र छान येतंय, पण रेकॉर्ड केलेलं बघितलं की नुसत्या मुंग्या आणि खरखर. केबलची वायर व्हीसीआरच्या अँटेनाच्या सॉकेटमध्ये लावली आहे. मशीन गेलं का?

सी-१०५
भंगारवाल्याला द्या आणि सेटटॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावा.

ए-६०२ काका
मशीन शाबूत आहे. जुनी कॅसेट नीट दिसते म्हणजे हेड, मोटर, बेल्ट सगळं ठीक. तुमच्या व्हीसीआरचा ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग, जुन्या अॅनालॉग पद्धतीचा आहे आणि मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेरीपासून केबल डिजिटल झाली. वायरीतून जे येतं ते त्या ट्यूनरला कळतच नाही, म्हणून मुंग्या. डिशची वायर लावली तरी तेच. तिचा सिग्नल ९५० मेगाहर्ट्झच्या वरचा, तिथपर्यंत हा ट्यूनर पोचत नाही.
यापुढे असं समजा की व्हीसीआर चॅनेल लावत नाही. चॅनेल बॉक्स लावणार आणि बॉक्समधून जे बाहेर येईल ते व्हीसीआर मुकाट उतरवून घेणार.

ए-६०२ काका
जोडणी अशी. केबलची वायर परत बॉक्सला. बॉक्सच्या एव्ही आउटमधून व्हीसीआरच्या एव्ही इनमध्ये, व्हीसीआरच्या एव्ही आउटमधून टीव्हीत. पिवळी पिन चित्राची, पांढरी डावा आवाज, लाल उजवा. व्हीसीआर मोनो असेल तर मागे आवाजाचं एकच भोक असतं, त्यात पांढरी घाला.
मग व्हीसीआरचं चॅनेल १ च्या खाली न्या. डिस्प्लेवर एव्ही, एल१ किंवा लाइन असं काहीतरी येईल. ते आलं नाही तोवर रेकॉर्ड दाबू नका.

डी-४०१ ताई
काका, हल्लीच्या बॉक्सना तीन रंगांची भोकं नसतात. हेडफोनसारखं एकच ३.५ एमएमचं असतं. त्याची वायर बाजारात कुठलीही उचलली तर पंचाईत होते. पिनवर चार भाग असतात, आणि चित्र कुठल्या भागावर, ग्राउंड कुठल्यावर, हे कंपनीगणिक बदलतं. पिवळीत चित्र नाही आणि स्पीकरमधून नुसती घूं घूं असेल तर लाल पिन व्हीसीआरच्या पिवळ्या भोकात घालून बघा. बरेचदा चित्र तिथे येतं. नाहीच आलं तर बॉक्सबरोबर आलेली वायर शोधा, किंवा बॉक्स घेऊन लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा आणि दुकानात लावून बघूनच वायर घ्या.

बी-३०४
एचडीएमआयने नाही का होणार? बॉक्सला ती आहे.

डी-४०१ ताई
नाही. व्हीसीआरला ते भोकच नाही, आणि मध्ये कन्व्हर्टर घातला तरी बॉक्स एचडीएमआयवर कॉपी रोखणारं कुलूप लावूनच चित्र पाठवतो. ती वायर टीव्हीला राहू दे, नेहमीचं बघणं त्यावर. बहुतेक बॉक्स दोन्हीकडे एकदम चित्र देतात. तुमचा देतो का ते बघून घ्या.

सी-१०५
पेनड्राइव्हचं कोणी बोलतच नाहीये!

ए-६०२ काका
बोलतो. तुमचं चूक नाही, चित्र व्हीसीआरपेक्षा कितीतरी चांगलं येतं. पण सगळ्या बॉक्सवर ती सोय चालू नसते, आणि जिथे असते तिथे रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर दिसतं. बॉक्स बदलला की ड्राइव्हमधलं सगळं वाया. बाबांना कॅसेट घालून बटण दाबणं जमतं, तर तेच करू दे.

सेक्रेटरी (ए-२०१)
उद्या सकाळी ७ वाजता टँकर येणार आहे. गेटसमोरच्या दोन गाड्या रात्रीच हलवा. व्हीसीआरची चर्चा चालू द्या, फक्त हा मेसेज वर जाऊ देऊ नका.

ए-६०२ काका
आता टायमर. लोक इथेच फसतात, आणि दोष मात्र मशीनला देतात.
घड्याळ आणि तारीख आधी बरोबर लावा, २४ तासांची वेळ. मालिका २ ची असेल तर १३:५५ ते १४:४० द्या. चॅनेलच्या जागी आकडा नको, एल१ किंवा एव्ही. स्पीड एसपी, म्हणजे नेहमीचा वेग. मशीनमध्ये रोज किंवा सोम-शुक्र असा पर्याय असेल तर तो घ्या.
एवढं करून टायमरचं बटण दाबलं नाही तर काहीच होत नाही. ते दाबलं की मशीन बंद होतं आणि डिस्प्लेवर घड्याळाची खूण राहते. खूण लुकलुकतेय किंवा कॅसेट बाहेर आली, तर कॅसेटच्या पाठीवरची पट्टी तुटलेली आहे, ती नसली की मशीन रेकॉर्ड करत नाही. आणि दुपारी मशीन सुरूच राहिलं तर टायमर लागत नाही. बाबांनी रात्री बघून झालं की पुन्हा टायमर दाबायचा, ही एकच सवय लावा.

डी-४०१ ताई
आणि भिंतीवरचा स्विच! आपल्याकडे झोपताना सगळे स्विच बंद करायची पद्धत. बऱ्याच मशीनमधला बॅकअप काही मिनिटांचाच. सकाळी ००:०० लुकलुकतं आणि टायमर पुसलेला. स्विचवर सेलोटेप लावून टाका.

ए-६०२ काका
अगदी. बॉक्सकडेही तीन गोष्टी बघा.
बॉक्स त्याच चॅनेलवर सोडायचा. दुपारी कोणी बातम्या लावल्या तर कॅसेटवर बातम्या. रिमाइंडर लावला तर काही बॉक्स आपण होऊन चॅनेल बदलतात.
बरेच बॉक्स काही तास रिमोट दाबला नाही तर वीज वाचवायला झोपतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, नाहीतर ४५ मिनिटं काळा पडदा रेकॉर्ड होईल.
तिसरं, आवाज. बॉक्सच्या रिमोटने आवाज कमी केला तर एव्ही आउटचाही कमी होतो. म्यूट केला तर मालिका मुकी. बॉक्सचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करा.

ए-५०३
कॅसेट नवीन मिळतात का अजून? आमच्याकडे दहा-बारा पडल्या आहेत, हव्या तर घ्या. पण पाठीवरची पट्टी तोडलेली आहे.

डी-४०१ ताई
चालतील. पट्टी तुटलेल्या खाचेवर सेलोटेपचा दुहेरी तुकडा चिकटवा, घट्ट आणि सपाट. मशीनमधला खटका त्या खाचेत चाचपतो. पट्टी लागली तर रेकॉर्ड, आत गेला तर नाही. टेपचं टोक सुटं राहिलं तर ते आत अडकतं, म्हणून कडा दाबून बसवा. फक्त आधी त्या कॅसेटवर काय आहे ते बघा. कोणाची मुंज पुसली जायची.

ए-६०२ काका
ई-१८० लिहिलेली कॅसेट असेल तर उत्तम. सुमारे २५८ मीटर टेप, आपल्या पाल पद्धतीत एसपीवर ३ तास. परदेशातून आलेली टी-१२० आपल्याकडे तीन तासांना थोडी कमी चालते. ई-२४० ची टेप पातळ, जुन्या मशीनमध्ये चुरगळायची भीती जास्त. एलपीवर वेळ दुप्पट होतो पण टेप निम्म्या वेगाने जाते, आवाज बसका येतो आणि दुसऱ्या मशीनवर ती कॅसेट धड चालेलच असं नाही. रोजच्या ४५ मिनिटांसाठी एलपीची गरजच नाही.
एक मेख आहे. टायमर कॅसेट जिथे असेल तिथून रेकॉर्ड करतो, आपण होऊन मागे जात नाही. बाबा रोज रिवाइंड करत असतील तर रोज तोच सुरुवातीचा तुकडा घासला जाणार, आणि दोन-तीन महिन्यांत चित्रात पांढऱ्या रेघा. एका ई-१८० वर चार भाग बसतात. चार दिवस पुढे पुढे जाऊ द्या, मग रिवाइंड. नव्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला काही सेकंद इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतील. पुसणारं हेड ड्रमच्या, म्हणजे चित्राची हेड बसवलेल्या फिरत्या चाकाच्या, थोडं अलीकडे असतं, तेवढ्या टेपवर जुनं पूर्ण पुसलेलं नसतं. तो बिघाड नाही.

डी-४०१ ताई
ए-५०३, तुमच्या कॅसेट देण्याआधी एक करा. प्रत्येक कॅसेट उजेडात तिरकी धरा आणि खिडकीतून रिळाची कडा बघा. काळी चकचकीत हवी. पांढरट पूड, ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबईच्या चार पावसाळ्यांत माळ्यावर ती येतेच. अशी कॅसेट एकदा जरी चालवली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढे घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. ती बाजूला काढा, 'फॉरवर्ड करून बघू' हेसुद्धा नको.

ए-५०३
बघितलं. सात स्वच्छ, चारमध्ये पांढरं आहे.

डी-४०१ ताई
सात द्या. चालवण्याआधी प्रत्येक एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे. वर्षानुवर्षं एकाच ताणात पडलेली टेप त्याने सैल होऊन नीट गुंडाळली जाते. नंतर उभी ठेवायची, आडवी नाही.

बी-३०४ (रविवार, सकाळी १०:४०)
काका, एल१ वर चित्र आलं! पण काळं-पांढरं. रंगच नाहीत. आणि बाजूने दाबल्यासारखी माणसं उंच बारीक दिसतात.

ए-६०२ काका
दोन्ही बॉक्सच्या सेटिंगमधलं. व्हिडिओ आउटपुट एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, गेलं असेल, ते पाल करा. रंग येतील.
उंच माणसं म्हणजे बॉक्स १६:९ चं चित्र ४:३ मध्ये कोंबतोय. टीव्ही रुंद असेल तर तसंच रेकॉर्ड करा आणि बघताना टीव्हीवर 'वाइड' किंवा 'फुल' लावा, माणसं जागेवर येतात. लेटरबॉक्सही आहे, पण त्यात वर-खाली काळ्या पट्ट्या रेकॉर्ड होतात आणि चित्राच्या ओळी वाया जातात. व्हीएचएसला, म्हणजे या कॅसेटना, आडव्या रेषेत जेमतेम २४० ओळींचा बारकावा. खालची धावती बातमी वाचता येणार नाही, ते धरूनच चला.

बी-३०४
रंग आले! पण थोड्या वेळाने चित्र उजळतं, मग काळोखतं, पुन्हा उजळतं. थेट टीव्हीवर नाही होत, फक्त रेकॉर्ड केलेल्यात.

ए-६०२ काका
कुठल्याही चॅनेलवर?

बी-३०४
दुसरी दोन चॅनेल लावून बघितली, तिथे नाही. मालिकेच्या चॅनेलवर पण नाही. फक्त एका सिनेमाच्या चॅनेलवर.

ए-६०२ काका
मग सुटलात. काही चॅनेलवर कॉपी रोखणारे पल्स घातलेले असतात. चित्राच्या वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत ते बसतात. टीव्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. व्हीसीआर मात्र सिग्नल आपोआप कमी-जास्त करायला जातो आणि गोंधळतो. त्या चॅनेलचा नाद सोडा.

सी-१०५
बरं, मुंग्या परत आल्या तर? म्हणजे सगळं नीट लावून?

डी-४०१ ताई
लक्षणावरून ओळखा. आवाज साफ आणि चित्रात मुंग्या, तर व्हिडिओ हेडला मळ. आवाजाचं हेड वेगळं, स्थिर असतं, म्हणून ते वाचतं. मुंग्यांचा पट्टा फक्त वर किंवा खाली, तर ट्रॅकिंगचं बटण फिरवून बघा. आवाज हेलकावे खातोय, तर टेप ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झालाय. कॅसेट बाहेर काढताना टेप लोंबतेय, तर रीळ फिरवणारा रबरी टायर किंवा बेल्ट गेला. तेव्हा ओढू नका, प्लग काढा आणि झाकण उघडा.

सी-१०५
हेड कापसाने पुसायचं ना?

डी-४०१ ताई
मुळीच नाही! हेड म्हणजे ड्रमच्या कडेला केसाएवढी चीप. ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो. कापसाचा तंतू तिथे अडकला किंवा काडी वर-खाली घासली की ती चीप तुटते, आणि मग मशीन खरंच भंगार.
प्लग काढा. मऊ चामड्याचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करा, टपकता नको. ड्रमच्या बाजूला हलके टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. चामडं हलवायचं नाही, ड्रम फिरवायचा. दोन-तीन फेऱ्या, चामड्याची जागा बदला, पुन्हा. तपकिरी उतरायचं थांबलं की बस. आवाजाचं हेड आणि धातूचे खांब कापसाच्या काडीने चालतील. अर्धा तास वाळू द्या, मग कॅसेट.

ए-६०२ काका
रबरी रोलरला अल्कोहोल नको, वाळून कडक होतो. साबणाच्या पाण्यात ओलं फडकं, मग कोरडं.

डी-४०१ ताई
काका, एकदा पुसल्याने काही होत नाही हो. पण पाणी बरं, मान्य.

बी-३०४ (सोमवार, दुपारी २:५०)
टायमर लागला! १३:५५ ला आपोआप सुरू झालं. आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येतोय.

ए-६०२ काका
मोनो मशीन आहे तुमचं. टीव्हीच्या टोकाला एकाचे दोन करणारी पिन लावा, पांढऱ्या आणि लाल दोन्ही भोकांत आवाज जाईल. जिथून वायर घेतली तिथेच मिळेल.