सोलापूरची वटवाघळं: आधी जीपीएस टॅग की आधी आढळाचा नकाशा?

माळरानवासी (धागा सुरू करणारे)

वटवाघळांवर काम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आधी जीपीएस टॅग येतो. सोलापूर जिल्ह्यापुरतं माझं मत असं की पहिली दोन वर्षं एकही टॅग लावू नये. तो पैसा आणि ती माणसं आढळाच्या पाहणीवर लावावीत.

कारण वजनाचं आहे. उपकरण प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, लांब उडणाऱ्यांसाठी ३ टक्केच धरलेले बरे. मोठं फळवाघूळ, म्हणजे टेरोपस, ८०० ग्रॅमचं असेल तर २४ ग्रॅम पेलतं. रूसेटस हे लहान फळवाघूळ ८० ग्रॅमचं, त्याला ४ ग्रॅम. पडक्या किल्ल्यांतली उंदीरशेपटी पाकोळी, म्हणजे कीटक खाणारं लहान वटवाघूळ, जेमतेम १२ ग्रॅमची, तिच्या वाट्याला ०.६ ग्रॅम. एवढ्यात महिनोन्‌महिने चालणारा जीपीएस बसत नाही. म्हणजे टॅगचा सगळा खर्च एकाच जातीवर होणार आणि कीटक खाणाऱ्या पाकोळ्या पुन्हा बाजूलाच राहणार. भारतात सव्वाशेच्या वर जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक या पाकोळ्याच.

त्याऐवजी नान्नजचं माळरान, हिप्परग्याचा तलाव, सोलापूरचा भुईकोट, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं नळदुर्ग, गावोगावच्या जुन्या बारवा अशा ठिकाणी डिटेक्टर, म्हणजे वाघळांचे माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारी यंत्रं, लावा. सूर्यास्ताआधी अर्ध्या तासापासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत, तीन मीटर उंच खांबावर, पानांपासून दूर.

उंबराखाली

तुमच्या पाहणीतून जातींची यादी मिळेल, पण हालचाल कळणार नाही. समजा, एका चिंचेवर मार्चमध्ये ६०० फळवाघळं मोजली आणि जूनमध्ये २०० भरली. बाकीची ४०० उन्हानं मेली, फांद्या छाटल्यामुळे उठली की उजनीच्या काठाला गेली? तिन्ही वेळा वहीत २०० हाच आकडा येतो. वसाहत वाचवायची तर नेमकं हेच कळायला हवं.

युरोपात नॉक्ट्यूल पाकोळ्यांना अवघ्या १.२ ग्रॅमचे टॅग लावले, तेव्हा कळलं की त्या एका रात्रीत जवळपास ४०० किलोमीटर जातात, तेही वादळाआधीच्या उबदार वाऱ्यावर स्वार होऊन. मोजणी शंभर वर्षं केली असती तरी हे हाती लागलं नसतं.

माळरानवासी

त्या पाकोळ्या कडाक्याच्या थंडीसाठी जागा बदलतात. त्यांचं जाणं-येणं ऋतूला बांधलेलं असतं. आपल्याकडचं फळवाघूळ वड, पिंपळ, उंबर पिकेल तिकडे वळतं. त्याला मी चाऱ्यामागची भटकंती म्हणेन. स्थलांतर हा शब्द जरा जपून वापरूया.

उंबराखाली

मग झांबियातल्या कासांकाचं काय म्हणाल? तिथं दरवर्षी ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत सुमारे १ कोटी पिवळट फळवाघळं उतरतात, तीही फळांच्याच मागे. त्यांच्यातली काही २,००० किलोमीटरच्या वर गेल्याचं टॅगमुळेच समजलं. चाऱ्यामागे जाणारा प्राणी जवळपासच राहतो, हे आधीच कशावरून ठरवायचं?

रातकिडा

डिटेक्टरबद्दल नेमकं बोलतो, कारण पैसा इथेच वाया जातो. यंत्र ध्वनीचे नमुने ज्या वेगाने घेतं, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचंच त्याला ऐकू येतं. २५६ किलोहर्ट्झवर लावलं तर १२८ च्या वरचं सगळं गेलं. हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस ही पाकोळी १३० च्या पुढे बोलते, हिप्पोसिडेरॉस फल्व्हस १५० च्या आसपास. दोघी जुन्या इमारतींत आणि गुहांत राहणाऱ्या, आणि दोघी ‘आढळल्या नाहीत’ म्हणून नोंदल्या जातील. यंत्र ३८४ वरच हवं.

पण मग साठवणीचा प्रश्न येतो. ३८४ वर १६ बिटचं सलग ध्वनिमुद्रण तासाला सुमारे २.७६ जीबी होतं, १२ तासांच्या रात्रीला ३३ जीबी. १२८ जीबीचं कार्ड चौथ्या रात्री मध्येच संपतं. म्हणून ट्रिगरवर, म्हणजे आवाज आला तरच मुद्रण सुरू होईल असं, लावायचं आणि १२ किलोहर्ट्झच्या खालचं गाळायचं, नाहीतर रातकिडेच कार्ड भरून टाकतात. मात्र गाळणी २० वर नेऊ नका, शेपटीमोकळ्या टाडारिडा पाकोळीचा आवाज १८ ते २० च्या घरात असतो. शिवाय आपल्याकडे सर्वांत जोराचा पाऊस सप्टेंबरात, त्या महिन्यात मायक्रोफोनवरची टोपी आठवड्याला तपासा. भिजलेला मायक्रोफोन आधी वरच्या कंपनसंख्या गमावतो आणि ते लक्षातही येत नाही.

आणखी एक. टेरोपस या पद्धतीत सापडतच नाही, ते ध्वनीनं वाट शोधत नाही. मेगाडर्मा हे वाघूळ इतक्या हळू आवाजात बोलतं की चार-पाच मीटरपलीकडे पत्ता लागत नाही. त्यांच्यासाठी वसतिस्थानं डोळ्यांनीच पाहावी लागतात.

नकाशाकार

हे सगळं होईपर्यंत मॅक्सएंट (जुन्या नोंदी आणि हवामानावरून जात कुठे असू शकेल ते सांगणारी संगणक प्रणाली) चालवून संभाव्य आढळक्षेत्राचा नकाशा काढायला काय हरकत आहे? आधीच्या नोंदी आणि हवामानाचे १ किलोमीटरचे थर सहज मिळतात. कुठे शोधायचं ते तरी ठरेल.

रातकिडा

शोधायला जरूर वापरा, निष्कर्षाला नको. लोक जिथे सहज पोचतात तिथल्या नोंदी जमतात, म्हणजे पुणे-सोलापूर महामार्ग आणि नान्नज. मॉडेल मग वाघळांऐवजी रस्ता शिकतं. एकाच ठिकाणच्या नोंदी विरळ करा, मॉडेलला तुलनेसाठी द्यायचे पार्श्वभूमीचे बिंदूही त्याच रस्त्यालगतचे घ्या. वस्तुसंग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवर नुसतं ‘सोलापूर’ लिहिलं असेल आणि कोणी जिल्ह्याच्या मध्याचे अक्षांश-रेखांश टाकले असतील, तर ती नोंद वगळा.

शिवाय गुहेत राहणाऱ्या जाती पावसावरून ठरत नाहीत, दगडातल्या पोकळीवरून ठरतात. कर्नाटकातली हिप्पोसिडेरॉस हायपोफायलस कोलारजवळच्या हनुमनहळ्ळीच्या गुहांपुरतीच माहीत आहे. हवामानाचा नकाशा तिला शेकडो मैल पसरवून दाखवेल.

रात्रींचाही हिशेब मांडा. जात तिथे असूनही एका रात्री सापडण्याची शक्यता ०.३ असेल, तर तीन रात्रींत ती निसटण्याची शक्यता ३४ टक्के. आठ रात्री केल्यावर ती ६ टक्क्यांच्या खाली येते. तीन रात्रींवर ‘नाही’ लिहू नये.

केगावची बाग

डाळिंबवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा. आंबे बहाराची फळं जून ते ऑगस्टमध्ये येतात, मृगाची डिसेंबर-जानेवारीत, हस्ताची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे जिल्ह्यात वर्षातले बरेच महिने कुठे ना कुठे पिकलेलं फळ असतंच. मोजणी मार्च आणि जून अशी दोनदाच केली तर बहाराचा परिणाम कळणार नाही. महिन्याला एकदा करा, तीही दुपारी, झाडाखालून, दोघांनी वेगवेगळी. संध्याकाळच्या उड्डाणावर आकडा कमी भरतो, कारण बरीच वाघळं अंधार दाटल्यावर निघतात.

बागेवर नुकसान करणारी मुख्यतः रूसेटस आणि सायनोप्टेरस ही लहान फळवाघळं. टेरोपसचा टॅग बघून त्यांचा अंदाज बांधता येणार नाही, इथे मी माळरानवासींच्या बाजूने आहे. आणि जाळं ताणून बसवा. सैल, मोठ्या भोकांच्या जाळ्यात पंख अडकून वाघूळ रात्रभरात मरतं.

उंबराखाली

मासिक मोजणी मान्य. पण सोबत टेरोपसचे दहा टॅग हवेतच. ते उघड्या झाडावर लटकतं, त्यामुळे सौरटॅग दिवसा भरतो. अंधाऱ्या तळघरातल्या रूसेटसवर तो निकामी ठरतो. संध्याकाळी सात ते पहाटे पाच, अर्ध्या तासाला एक नोंद पुरते. गळपट्टा झिजून सुटेल अशा दोऱ्यानं शिवायचा.

पकडायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. फेब्रुवारीपासून विणीचा काळ, आई पिल्लाला पोटाशी घेऊन उडते, आणि एप्रिल-मेच्या ४२ अंशांत हाताळणीनंच प्राणी दगावतो. २०२२ च्या दुरुस्तीनं टेरोपस उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून निघून दुसऱ्या अनुसूचीत आलं, त्यामुळे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. हाताळणाऱ्यांना रेबीजची आधीची लस, दुहेरी हातमोजे आणि एन-९५. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाहची प्रतिपिंडं मिळाली होती, हे विसरू नका.

माळरानवासी

दहा टॅग मान्य करतो, एका अटीवर. आधी बारा महिन्यांची मोजणी पूर्ण करा आणि ज्या वसाहतींचा आकडा सर्वांत जास्त खालीवर होतो, अशा दोन निवडून प्रत्येकी पाच लावा. एकाच सोयीच्या झाडावर दहा लावायला माझा विरोध कायम आहे.

उंबराखाली

बारा महिने थांबलो तर एक ऑक्टोबर हातचा जातो. परवानगीचा अर्ज आत्ताच टाकू, झाडं नंतर ठरवू.