मदत हवी आहे: पोटात घ्यायचं इंजेक्शन, घ्यायचं की नाही?

नरेंद्रनगरकर: बायकोला एनॉक्सापॅरिन 40 मिलिग्रॅम लिहून दिलंय, रोज एक, पोटात. मेडिकलमध्ये म्हणाले रक्त पातळ होतं, जपून. मग द्यायचं काहून? लवकर सांगा.

सिरिंजताई: कशासाठी लिहिलं, ते?

नरेंद्रनगरकर: आयव्हीएफ चालू आहे ना. लिहायचं राहिलं.

सिरिंजताई: तेच तर मुख्य! अंडी किती निघाली, कधी काढली? गर्भ गर्भाशयात सोडला की गोठवला? हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, किती?

बर्डीवाला: मेडिकल म्हणजे दुकान, की आपल्या नागपूरच्या मेडिकल चौकातलं सरकारी हॉस्पिटल?

संत्रानगरी: 75 ची अ‍ॅस्पिरिन पुरते. सुया कशाला टोचता?

लॅबवाला: नाही पुरत. अ‍ॅस्पिरिनचा जोर प्लेटलेटवर, धमन्यांसाठी. इथे भीती शिरेतल्या गुठळीची.

संत्रानगरी: मग ताक पाजा भरपूर. मे महिना आहे राजेहो.

लॅबवाला: उन्हाचा काय संबंध? हार्मोनच्या इंजेक्शनांनी अंडाशय फुगले की शिरांमधलं पाणी पोटात झिरपतं, आत रक्त घट्ट होतं. तहान लागेल तेवढं प्यायचं. दुखलं तर ब्रुफेन नको, किडनीवर जातं, पॅरासिटामॉल चालते.

नरेंद्रनगरकर: अंडी 26. काढून बारा दिवस झाले, गर्भ पाचव्या दिवशी सोडला. हेमॅटोक्रिट 47. वजन चार दिवसांत 3 किलो वाढलं. टोचायचं कसं तेवढं सांगा.

सिरिंजताई: हेमॅटोक्रिट 45 च्या वर गेलं की गंभीर धरतात, इंजेक्शन बरोबर दिलंय. बेंबीपासून दोन इंच सोडून कातडी चिमटीत धरा, सुई सरळ उभी घाला, औषध संपेपर्यंत चिमटी सोडू नका. भरून आलेल्या सिरिंजमधला बुडबुडा काढू नका, त्यात औषध जातं. चोळलं की काळंनिळं पडतं. रोज बाजू बदला.

नरेंद्रनगरकर: बरं. कालपासून तिची मान डावीकडे दुखते, हातही जड वाटतो म्हणते. उशी बदलू का?

लॅबवाला: अहो, उशी कसली! या उपचारात गुठळी पायातच होते असं नाही, मानेत, हातातही होते. डॉक्टरांना आत्ता फोन करा, मान आणि हात दोन्हीचा डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, आजच. डी-डायमर या गुठळीच्या रक्ततपासणीवर थांबू नका, तो या दिवसांत असाही वाढलेला असतो. गुठळी निघाली तर रोजचं एक 40 पुरत नाही, डोस वजनावर ठरतो. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ 108.

बर्डीवाला: धंतोलीत गाडी लावायला जागा नाही मिळत. ऑटोनं जा.

सिरिंजताई: डॉप्लरवाल्याला अंडी काढल्याची तारीख आधी सांगा. नुसतं 'मान दुखते' म्हटलं तर मणक्याकडे बघत बसतील.

नरेंद्रनगरकर: फाइल घेतली. निघालो.