हिमनद्या वितळल्या की समुद्राला फुकट खत?

मळीवाला, पलूस:
काल टपरीवर वाद झाला, तो इथे आणतोय. हिमनदी म्हणजे जातं. सरकताना खालचा खडक दळते. ग्रीनलंडच्या नद्या उन्हाळ्यात दुधाळ-राखाडी दिसतात त्या या पिठामुळेच. त्यात लोह, फॉस्फरस, सिलिका. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट भरपूर, तुटवडा लोहाचा. ते मिळालं की वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फोफावतं आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं. समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९९० मध्ये हिमयुगातल्या हवेतला कमी कार्बन लोहाशीच जोडला होता. आपली नदीकाठची मळीची रानं (कारखान्याची मळी नव्हे!) पुराच्या गाळावरच पोसली ना? मग हिमनद्या वितळण्याची एवढी रडारड कशाला?

हरिपूरकर:
मार्टिनचं लोह वाऱ्यावर आलेल्या धुळीतलं होतं दादा, वितळलेल्या पाण्यातलं नव्हे. पाण्यातलं बरंचसं लोह खाऱ्या पाण्याला भिडताच गुठळ्या होऊन खाडीच्या तोंडाशीच बसतं. आणि प्लवकाने घेतलेला कार्बन बहुतेक वरच्या वरच खाल्ला जाऊन परत सुटतो, खोल तळाला जातो तो थोडा. गाळाचं म्हणाल तर २०१९ च्या पुरात माझ्या रानातही आला. पण ऊस पोंग्यापर्यंत (शेंड्याच्या कोवळ्या पानांपर्यंत) बुडाला होता, पोंग्यात पाणी शिरून सगळा कुजला. त्या गाळाचं कौतुक मला नका सांगू.

भूगोलवाली, जत:
दोघेही पीठच मोजताय. ग्रीनलंडच्या समुद्रात उन्हाळ्यात कमी पडतं ते बहुधा नायट्रेट, आणि बर्फाच्या पाण्यात ते फारसं नसतंच. ते येतं खोल पाण्यातून. जी हिमनदी थेट समुद्रात उतरते, तिचं वितळलेलं पाणी तिच्या पायथ्याशी, समुद्राच्या पोटात बाहेर पडतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते उसळून वर येतं आणि येताना आजूबाजूचं खोलातलं नायट्रेटवालं पाणी सोबत ओढतं. म्हणजे आपल्या म्हैसाळ उपसा सिंचन योजनेसारखा उपसाच, फक्त विजेच्या बिलाविना. हीच हिमनदी मागे हटून जमिनीवर गेली की पाणी नदीसारखं वरूनच येऊन पृष्ठभागावर पसरतं. उपसा बंद. पीठ येतच राहील, पण प्लवक उपाशी. कालव्याच्या टेलच्या (शेवटच्या) गावांना विचारा, मोटारी थांबल्या की काय होतं.

मळीवाला, पलूस:
ताई, उपशाचं ठाऊक नव्हतं. ग्रीनलंडपुरता शब्द मागे. दक्षिणेकडचा नाही: तिकडे मोठ्या हिमनगांच्या मागे प्लवकाचा पट्टा उपग्रहाला दिसतो, तो लोहाशिवाय आला का?

हरिपूरकर:
पट्टा आहे, नाही कोण म्हणतंय? तो किती कार्बन तळाला नेतो ते बोला. तुम्ही पेरणीच दाखवताय, काट्यावरचं वजन नाही.